तुकारामचा कापूस भरलेला कोट

तुकाराम भिवा घाणेकर ह्या माणसाची हकीकत मी लिहीत आहे. तो कोणी मोठा पुरुष नाही. वजनाने तर मुळीच नाही. वयाने माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असल्यामुळे मी त्याचा उल्लेख एकेरीत करणार आहे. त्याबद्दल त्याची परवानगी घेतलेली आहे. "काका, मला अहोजाहो केलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, दुसऱ्याच कुणाचं चाललंय," असे तो म्हणाला.

उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणारा एक कारखाना होता. तुकाराम तिथे कामगार होता आणि मी त्याच कारखान्याच्या कॅम्पात बावीस माणसांचा आचारी होतो. आम्ही दोघे गुहागर तालुक्यातले, खाडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे. तुकारामची उंची पाच फूट दोन इंच व वजन पंचेचाळीस किलो. हे वजन कारखान्यात माल तोलण्याच्या काट्यावर केलेले असल्यामुळे खात्रीचे आहे.

टाकी साच्यातून निघाली की तिला आतून पॉलिशपेपरने घासावे लागते. टाकीचे तोंड असते दीड वीत. त्या तोंडातून खांद्यांसकट आत उतरणारा आणि कोणाच्या मदतीवाचून बाहेर येणारा माणूस सबंध कारखान्यात एकच होता. फोरमन मुश्ताक इतरांवर सकाळपासून 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, आटपा', करीत ओरडत असे. तुकारामशी मात्र तो पाहुण्यासारखा वागे. "हमारा तुकाराम हीरा है," असे तो म्हणे, "और हीरा छोटा ही होता है." तेव्हा उम्म अल कुवैनमध्ये तुकारामच्या बारीकपणाला किंमत होती. अडचण होती ती गुहागर तालुक्यात.

आमच्याकडे गल्फमधून माणूस आला की लोक आधी त्याची बॅग पाहतात आणि मग त्याचे गाल पाहतात. अंगाने भरलेल्या माणसाला 'सुधारला' म्हणतात. बारीक राहिलेल्याला काही म्हणत नाहीत, नुसते पाहतात. सन १९९७ मध्ये तुकाराम रजेवर गेला, तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर वाडीतल्या एका बाईने मात्र विचारले, "तुका, दुबईत पगार देतात, जेवण देत न्हाईत काय रं?" सगळे हसले. तुकारामही हसला. त्याची आई रंभावहिनी हसल्या नाहीत.

हा प्रश्न तुकारामच्या अंगाविषयी होता, तरी तो मला लागला. कारण त्याला जेवण देणारा मी होतो. सकाळी चार खुब्बूस, म्हणजे तिकडच्या रोट्या, भाजी व चहा. दुपारी डब्यात भात, डाळ व मासळी. संध्याकाळी पुन्हा भात, शुक्रवारी मटण. तुकाराम हे सर्व खात असे. बावीस माणसांत त्याचा खाण्यात तिसरा नंबर होता. खाल्लेले जाते कुठे, ह्याचा मी पुष्कळ विचार केला, परंतु उत्तर मिळाले नाही.

सन १९९८ च्या दिवाळीनंतर गावाहून पत्र आले. शेजारच्या प्रज्ञाने ते लिहिले होते. तुकारामने ते वाचले, माझ्या हातात दिले आणि माझी भांडी घासू लागला. कॅम्पातल्या कामगारांना लिहाय-वाचायला शिकवणाऱ्या सुजीतसाहेबांच्या शुक्रवारच्या वर्गात मी नुकताच वाचायला शिकलो होतो, तेव्हा वेळ लागला. पण पत्र पूर्ण वाचले. त्यात असे होते:

"तुकादादा, तुझी आई दुपारची जेवत नाही. नुसता चहा घेते. विचारले तर म्हणते, तिकडे तुका अर्धपोटी राहून पैसे पाठवतो, मग मी इथे दोन वेळा कशी बसू पानावर. परवा विहिरीवर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी सांगितले की दोन वेळा जेवलेच पाहिजे. ती ऐकत नाही. तू तिकडे पोटभर जेवतोस असे मी दहा वेळा सांगितले. ती म्हणते, डोळ्याने बघीन तेव्हा खरे. मे महिन्यात येशील तेव्हा अंगावर जरा दिसू दे."

मी पत्र घडी घालून त्याला परत दिले. तो म्हणाला, "काका, सहा महिने आहेत. मला जाड करा."

मी लगेच कामास लागलो. सकाळी दोन अंडी, दुधात खजूर, भातावर तूप, निजण्यापूर्वी केळी. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मालाच्या काट्यावर तुकाराम पंचेचाळीस किलोच भरला. जाड मी झालो, कारण त्याच्या वाट्याचे करताना चव मलाच पाहावी लागे.

त्यातच ही गोष्ट मुश्ताकच्या कानावर गेली. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने तुपाच्या डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"गुणवंतभाई, ये क्या कर रहे हो?"

"इसको सुधार रहा हूँ."

"सुधारो मत. ये सुधर गया तो टंकी में कौन उतरेगा? तुम?"

सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिले.  तुकाराम खाली मान घालून केळे खात होता. एकाच अंगाने दोन ठिकाणी नोकरी करायची, असा त्याचा पेच होता: इथे बारीक राहायचे आणि तिथे जाड दिसायचे. तेव्हा मला सुचले की जाड होणे आणि जाड दिसणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट दुकानात मिळते.

मार्चमधल्या एका शुक्रवारी आम्ही कारखान्याच्या गाडीतून शारजाला गेलो. तिथे तयार कपड्यांचे एक तीनमजली दुकान होते. आत इतके गार होते की मी सदऱ्याचे वरचे बटण लावले. गळ्यात टाय आणि टायवर मापाची पट्टी घातलेला एक विक्रेता धावत पुढे आला आणि मला म्हणाला, "आइये सेठजी." आयुष्यभर कांदे चिरलेल्या मला त्याने सेठ केले, ते माझ्या पोटामुळे. मला खुर्ची दिली. पाणी दिले. तुकारामकडे पाहून त्याने विचारले, "ये आपके साथ है?" जणू मी पिशवी आणली होती.

"इनको कोट चाहिए," मी म्हणालो.

त्याने तुकारामच्या छातीभोवती पट्टी धरली आणि लांब काउंटरवर बसलेल्या लिहिणाऱ्याला ऐकू जावे म्हणून मोठ्याने पुकारले, "छाती, तीस." मग, "कमर, पच्चीस." मग थोडे थांबून, पट्टी पुन्हा धरून, अधिक मोठ्याने, "हाँ हाँ, पच्चीस ही है." सबंध मजल्यावर जितकी गिऱ्हाइके होती, तितक्यांना तुकारामची कंबर पाठ झाली. एका बाईंनी आपल्या नवऱ्याच्या कमरेकडे पाहिले आणि सुस्कारा सोडला.

मला इथे हे नमूद करायचे आहे की त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. तो आपले काम करीत होता. परंतु तुकारामचे कान लाल झाले होते आणि त्याने दोन्ही हात छातीवर बांधले होते, त्यामुळे पुढचे माप घेता येईना.

त्याने आणलेला सर्वांत लहान कोट देऊन तुकारामला कपडे बदलायच्या खोलीत पाठवले. त्या खोलीला तीन बाजूंनी आरसे होते. बराच वेळ झाला तरी तो बाहेर येईना, म्हणून मी पडद्याबाहेरून विचारले, "काय झालं रे?"

"काका, इथे तीन आहेत."

"काय तीन?"

"मी. आणि तिघंही तसेच."

तो बाहेर आला तेव्हा कोट त्याच्या अंगावर नव्हता, तो कोटात होता. बाह्या बोटांच्या पुढे गेल्या होत्या. विक्रेत्याने पाठीमागून कापड मुठीत धरले आणि पुढून कोट एकदम उत्तम दिसला. "देखिए, फिट," तो म्हणाला. तुकारामने विचारले, "गावाला तुम्ही येणार का मागून धरायला?" हे तो मराठीत म्हणाला, म्हणून बरे झाले.

शेवटी विक्रेता म्हणाला की ह्या मापाचे कंपनी बनवतच नाही, आपण वरच्या मजल्यावर पाहा. वरचा मजला मुलांचा होता. तिथे माप अगदी बरोबर मिळाले. शर्टाच्या खिशावर मोटार चालवणारा ससा होता. तिथल्या मुलीने फार आदराने विचारले, "स्कूल के लिए चाहिए?" तुकाराम तेहतीस वर्षांचा आहे, हे मी तिला सांगितले नाही. सांगितले असते, तर ती बिचारी घाबरली असती.

आम्ही काही न घेता खाली आलो. बाहेर पडण्याच्या जागी एक छापील कार्ड ठेवले होते. त्यावर हसरा, साधा आणि रडका असे तीन चेहरे होते आणि खाली लिहायला दोन ओळी. आमची सेवा कशी वाटली, असा त्याचा अर्थ असल्याचे काउंटरवरच्या मुलाने सांगितले. मी पेन मागून घेतले. पहिला विचार हसऱ्या चेहऱ्यावर खूण करण्याचा होता, कारण मला खुर्ची व पाणी मिळाले होते. मग तुकाराम दाराजवळ उभा दिसला, हात अजून छातीवर. एकाच दुकानात एकाच वेळी दोघे गेलो आणि दोघांना दोन दुकाने भेटली. मी चेहरे सोडून दिले आणि ओळींवर लिहिले: "कपडे चांगले. थंडावा चांगला. आवाज मोठा. गुणवंत रामा साळवी." इंग्रजी किंवा अरबी येत नसल्यामुळे मराठीत लिहिले. ते कोणी वाचले की नाही, हे कळले नाही.

 परतीच्या वाटेवर कॅम्प जवळ आल्यावर तुकाराम म्हणाला, "ह्या वर्षी जातच नाही गावाला."

"मग दुपारचं कोण जेवणार तिथे?" मी विचारले. 

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला उम्म अल कुवैनच्या जुन्या बाजारात लियाकतच्या दुकानात नेले. लियाकत हा शिंपी प्रामुख्याने अरबांचे पायघोळ कंदुरे आणि पठाणी ड्रेस शिवत असे. त्याचे दुकान एवढे लहान होते की मी आत गेल्यावर तुकारामला जागा मिळाली, ती केवळ तो तुकाराम असल्यामुळे. लियाकतने नाव विचारले नाही, माप विचारले नाही. चष्म्यावरून पाहत त्याने विचारले, "कोट किसको दिखाना है?"

हा प्रश्न त्या तीनमजली दुकानात कोणी विचारला नव्हता. तुकाराम म्हणाला, "अम्मी को."

"अम्मी दूर से देखेंगी कि पास से?"

तुकारामने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पहले दूर से. बाद में पास से."

"दूर से तो बन जाएगा," लियाकत म्हणाला. "पास का मैं कुछ कह नहीं सकता."

मग त्याने पट्टी घेतली आणि माप घेतले. तोंडातून एक आकडा काढला नाही. पट्टी धरी, अंगठा लावी, वळून वहीत लिही, पुन्हा पट्टी धरी. आम्हाला आकडे दिसू नयेत म्हणून वही त्याने आपल्याकडे कलती धरली होती. तुकारामने हात कधी खाली सोडले, ते त्यालाही कळले नाही. कमरेशी आल्यावर लियाकत थांबला. सदऱ्याखाली काळा दोरा लागला होता.

"ये क्या है?"

"करगोटा," तुकाराम म्हणाला. "अम्मी ने बाँधा है. पिछली छुट्टी में."

"अच्छा," असे म्हणून लियाकतने तो दोरा न हलवता त्याच्या वरून पट्टी फिरवली. त्या दोऱ्याचा आम्ही तिघांनीही पुढे विचार केला नाही. इतका विचार करणारे तीन पुरुष असून तो राहून गेला, ह्याचे मला आजही नवल वाटते.

लियाकतने एकशे ऐंशी दिरहाम सांगितले. "दोन हजार रुपये," तुकाराम मोठ्याने म्हणाला, आणि पुन्हा हळू म्हणाला, "दोन हजार." पण त्याने दिले.

कोट तयार झाला तो राखाडी रंगाचा. आत जाड बकरम, छातीला आणि पोटाला कापसाचे थर, खांद्यांना फोम. लियाकतच्या दुकानात आरसा नव्हता. त्याने तुकारामला रस्त्याच्या पलीकडे उभे केले आणि स्वतः दारात उभा राहून पाहिले, कारण कोट लांबून पाहण्यासाठी होता. नंतर म्हणाला, "खलास. अब पानी मत पीना, पसीना आएगा."

रविवारी तुकाराम तो कोट घालून चालण्याचा सराव करीत कारखान्याच्या फाटकातून आत आला. मुश्ताक लगबगीने पुढे गेला, त्याने सलाम केला आणि टाक्यांवरची धूळ पुसायला एकाला पिटाळले. त्याला वाटले, बलदियाचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, तपासनीस आला. जवळ गेल्यावर त्याने हिरा ओळखला. त्याचा चेहरा उतरला.

"ये निकलता है ना?" त्याने कोटाला बोट लावून विचारले.

"निकलता है."

"पूरा?"

"पूरा."

"अलहमदुलिल्लाह," मुश्ताक म्हणाला आणि त्याच दिवशी त्याने तुकारामच्या रजेच्या कागदावर सही केली. माझी रजाही तेव्हाच मंजूर झाली.

सन १९९९ च्या मे महिन्यात आम्ही दुबईहून मुंबईच्या विमानात बसलो. बॅगेचे वजन वाचवण्यासाठी तीन-तीन सदरे आणि दोन-दोन पँटी घालून आलेले पुष्कळ जण होते, त्यामुळे तुकाराम त्यांच्यात अगदी शोभून दिसला. त्याच्या शेजारच्याने त्याला विचारले, "किती घातलेत?" तुकाराम म्हणाला, "एकच." त्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

मुंबईच्या विमानतळावर मात्र कस्टमच्या एका अधिकाऱ्याने त्याला बाजूला घेतले. वारा नाही, घाम गळतो आहे आणि माणूस कोट काढत नाही, ह्याचा अर्थ त्याने सोने असा लावला. मीही बरोबर गेलो. अधिकाऱ्याने कोटावर थापट्या मारल्या. आवाज आला नाही. त्याने कोट काढायला लावला आणि डाव्या बगलेतला एक टाका उसवून आत बोट घातले.

"हे काय आहे?"

"कापूस," तुकाराम म्हणाला.

"आत?"

"कापूसच."

"कशासाठी?"

"आईसाठी."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याला सर्व हकीकत क्रमाने सांगितली: पत्र, अंडी, खजूर, शारजाचे दुकान. ससा सांगितला तेव्हा त्याने तोंडावर रुमाल धरला. शेवटी त्याने कोट तुकारामला परत घातला, स्वतः बटणे लावली आणि म्हणाला, "इथून कापूस दिसतोय. आईसमोर डावा हात खाली ठेवा."

त्यामुळे तुकाराम डावा हात बगलेशी घट्ट धरून रात्रभर एस.टी.त बसला आणि सकाळी तसाच घरासमोर येऊन उभा राहिला. मीही त्याच्याबरोबर होतो.

वाडीतले लोक जमले. मागच्या खेपेस प्रश्न विचारणारी बाई सर्वांत पुढे होती. तिने तुकारामला खालून वर पाहिले आणि म्हणाली, "बाई बाई, तुका सुधारला गं." हे ऐकून माझ्या जिवाला फार समाधान झाले. रंभावहिनी दारात आल्या. त्या वाळल्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. त्यांनी भाकरीचा तुकडा आणि पाणी तुकारामवरून ओवाळून टाकले. लांबून पाहून त्यांचा चेहरा फुलला. लियाकतचे काम इथपर्यंत उत्तम झाले होते.

मग त्या जवळ आल्या आणि त्यांनी लेकाच्या छातीवर हात ठेवला. हात आत गेला. त्यांनी तो काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा आत गेला. त्यांचा चेहरा हळूहळू मिटला. 

"चल आंघोळीला," एवढेच म्हणाल्या. "पाणी तापलंय."

"नंतर करतो गं आये."

"रातभर गाडीत होतास. चल."

आमच्याकडे लांबून आलेल्या मुलाला पहिली आंघोळ आई घालते, मग तो कितीही मोठा असो. न्हाणी घराच्या मागे माडाच्या झापांची होती आणि मी पडवीत चहा घेत बसलो होतो. त्यामुळे सर्व ऐकू आले. कान देण्याचा माझा हेतू नव्हता, परंतु चहा गरम होता आणि उठता येत नव्हते.

"काढ तो कोट."

"असू दे गं."

"आंघोळ कोटाला घालू काय तुला?"

बटणांचा आवाज आला.  माझ्या हातातला चहा निवला. सहा महिन्यांची खटपट न्हाणीच्या दगडावर उघडी उभी होती, आणि विहिरीवर पडलेली बाई ती पाहत होती. आता ही माउली रात्रीचेही जेवण सोडणार, असे मला वाटले.

मग रंभावहिनींचा आवाज आला, अगदी निराळा. "हा करगोटा मी बांधलेला तोच काय?"

"तोच."

"मधी सोडलेलास?"

"नाय."

"गाठ सरकवलीस? खरं सांग."

"नाय गं आये, अंगावरून काढलाच नाय. का?"

"हल नको. उभा रहा." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "एक बोट."

"काय एक बोट?"

"जाताना बांधला तवा माझं एक बोट जाईल येवढी जागा ठेवलेली. आता पण एकच जातंय. दोन जात न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हणजे तू व्हतास तेवढाच हायस, मेल्या. उतरलेला न्हाईस. मागच्या खेपेला दोरा तुटून आलास, तर मला काय कळणार, किती वाळलास ते? लोक बोलले, मी ऐकलं." पाण्याचा तांब्या ओतल्याचा आवाज आला. "आणि त्या कोटात काय भरलंय?"

"कापूस."

"मग उशी कर की त्याची. अंगावर काय घालतोस मे महिन्यात?"

आंघोळीनंतर तुकारामने बॅग उघडली. त्याच्याकडे साधे सदरे होते, पण ते सर्व कॅम्पातले, खांद्यावरून घसरणारे. तळाशी जुन्या उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळलेले काही होते, जे आम्ही ठेवले नव्हते. कोटाच्या पिशवीत लियाकतने ते तळाशी ठेवले असावे आणि आम्ही कोट काढून पिशवी तशीच बॅगेत घातली होती. आत निळ्या बारीक रेघांचा एक सदरा निघाला. कापूस नाही, फोम नाही. तुकारामने तो घातला. खांद्याची शिवण खांद्यावर आली, बाही मनगटावर थांबली, कॉलर गळ्याभोवती बसली. तेहतीस वर्षांत त्याच्या अंगाला प्रथमच त्याच्याच अंगाचा कपडा मिळाला होता. तो बारीकच दिसत होता, पण आता बारीक असलेला माणूस दिसत होता. मोठ्या कपड्यात हरवलेला नव्हे.

रंभावहिनींनी पाठीमागून फिरून शिवण पाहिली. "हा कुणी शिवला?"

"लियाकत म्हणून आहे तिकडे."

"माप घ्यायला येतंय त्याला," त्या म्हणाल्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुम्ही ह्याला घालता तरी काय जेवायला?"

ह्या प्रश्नाची मी दोन वर्षे वाट पाहत होतो. मी उभा राहिलो आणि सकाळच्या चार खुब्बुसांपासून शुक्रवारच्या मटणापर्यंत सर्व वारांप्रमाणे सांगितले. मंगळवारची उसळ राहिली होती, ती मागाहून सांगितली. वहिनी ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. "ह्याचा बापूस पण असाच," त्या म्हणाल्या. "खायचा डोंगर, दिसायचा काठी. आगोटीच्या आधी, पाऊस लागायच्या आत, घराची कौलं शाकारायला साऱ्या वाडीत त्यालाच बोलवत. कौल फुटायचं न्हाई."

दुपारी त्यांनी आम्हा दोघांना वाढले. सुकटीचे कालवण, भाकरी आणि कैरीचे लोणचे. आमचे होत आले, तरी त्या चुलीपाशीच बसून होत्या. तुकारामचा घास हातात राहिला. तेव्हा त्यांनी मागे हात करून तिसरे ताट ओढले, आमच्या समोर ठेवले आणि बसल्या. मी आचारी असल्यामुळे मोजले. अडीच भाकऱ्या.

कोट त्या महिन्यात वाडीतच राहिला. तीन नवरदेव त्यात उभे राहिले आणि तिघांनाही तो तुकारामपेक्षा चांगला झाला.

जूनच्या अखेरीस आम्ही परत आलो. तुकाराम पहिल्याच दिवशी टाकीत उतरला आणि मुश्ताकने बाहेरून तिच्यावर थाप मारून "सब ठीक?" असे विचारले. शुक्रवारी आम्ही लियाकतकडे गेलो. त्याच्याकडे चेहऱ्यांचे कार्ड नव्हते. म्हणून मी कॅम्पातूनच वहीच्या कागदावर लिहून नेले होते: "माप नीट. आवाज लहान. गुणवंत रामा साळवी." मी ते वाचून त्याचा अर्थ सांगितला. त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि शिलाई मशीनच्या वर, भिंतीवर टाचणीने लावला.

"और कोट?" त्याने विचारले.

"दूर से बहुत अच्छा था," तुकाराम म्हणाला. मग त्याने पिशवीतून कापड काढले. त्याला त्या निळ्या रेघांच्या सदऱ्यासारखे आणखी दोन हवे होते. लियाकतने वही उघडली, पान शोधले आणि पट्टीकडे हात नेला. "चार महीने हो गए. नाप फिर से लूँ?"

तुकारामने सदरा जरासा वर करून कमरेचा नवा, काळा कुळकुळीत करगोटा दाखवला.

"जरूरत नहीं," तो म्हणाला. "अम्मी ने ले लिया है."